इन्सुलिन सुरू केलं की रक्तवाहिन्या खराब होतात का?

प्रश्न सांगली भागातल्या एका मुलाचा आहे. त्याचे वडील, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, वय ५६, ऊसशेती. डायबेटिसला ११ वर्षं झाली. तीन प्रकारच्या गोळ्या चालू असूनही एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.८ आलं आहे. वर्षभरात वजन ६६ वरून ६१ किलोवर आलं, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवलं. त्याच आठवड्यात आबांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला: इन्सुलिनने रक्तवाहिन्या जाड होतात, चरबी साठते आणि शेवटी हार्ट अटॅक येतो. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद आहे, काहीही झालं तरी सुई टोचून घेणार नाही. मुलाला विचारायचं आहे की त्या व्हिडिओत काही तथ्य आहे का, आणि आबांच्या हृदयाला खरा धोका नेमका कशाचा आहे. सोबत त्याने सगळे आकडे दिले आहेत, त्यामुळे मोघम बोलावं लागणार नाही.

उत्तर आधी देतो. आबांनी इन्सुलिन घ्यावं, आणि सुगी संपली की बघू असं म्हणत लांबवू नये. व्हिडिओत एक खरी गोष्ट आहे, पण ती आबांना लागू नाही. आणि त्यांच्या हृदयाला घातक असलेले आकडे त्याच रिपोर्टवर छापलेले आहेत, फक्त सगळं घर एचबीएवनसीच्या ओळीकडे बघत बसल्यामुळे त्यांच्यावर कुणाची नजर गेलेली नाही.

मी या पट्ट्यात २७ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो आहे. इन्सुलिन घेतल्यामुळे ज्याचं वाटोळं झालं असा रुग्ण मला आठवावा लागतो. इन्सुलिन वेळेवर न घेतल्यामुळे ज्यांचा पाय गेला, डोळा गेला, ज्यांना डायलिसिसला बसावं लागलं, त्यांचे चेहरे मात्र आठवावे लागत नाहीत. म्हणून हे उत्तर लांबलं तरी लिहितो.

उसाला दारं धरलेल्या माणसाला इन्सुलिन समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. पाटाला पाणी कितीही असो, ते सरीत जायचं तर कुणीतरी खोऱ्याने तोंड उघडून द्यावं लागतं. एक सरी भरली की ती बांधायची, पुढची फोडायची. शरीरात साखरेसाठी दारं धरणारा गडी म्हणजे इन्सुलिन. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंच्या पेशीत जायची, तर तोंड तो उघडतो. एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. फारसं सांगितलं जात नाही ते पुढचं: हा गडी सरीचं तोंड उघडायच्या आधी पाटसुद्धा मोकळा करतो.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. कित्येक वर्षं डॉक्टर लोकही याला नळीचा आतला गिलावा समजत होते. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिलं की हे अस्तर स्वतः एक संदेश पाठवतं आणि त्याने रक्तवाहिनी सैल पडते. पुढे कळलं की तो संदेश म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू, आणि १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना त्याच कामासाठी नोबेल मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच वायूच्या वाटेने काम करते. निरोगी माणसात इन्सुलिन या अस्तराला भिडलं की अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, नळी रुंदावते, आणि स्नायूंतल्या एरवी मिटलेल्या बारीक केशवाहिन्यांत रक्त खेळायला लागतं. रक्त चिकटून गुठळी होण्याची प्रवृत्तीही त्याने कमी होते. थोडक्यात, अस्तर धड असेल तर इन्सुलिन रक्तवाहिनीचं मित्रच आहे.

मग बिघडतं कुठे? पोटाच्या आत, यकृतात आणि स्नायूंत चरबी साचली की पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात तो हाच. एका गड्याच्या हाकेला तोंड उघडत नाही म्हणून स्वादुपिंड दोन गडी पाठवतं, मग चार. रक्तातलं इन्सुलिन वाढलेलं, साखर मात्र अजून नॉर्मल. अशी अवस्था दहा-दहा वर्षं चालू राहू शकते आणि साखरेच्या तपासणीत तिचा पत्ताही लागत नाही.

या बहिरेपणात एक विचित्र गोष्ट आहे आणि सगळा घोळ तिथेच आहे. अस्तराच्या पेशीत इन्सुलिनचा हुकूम दोन वाटांनी जातो. एका वाटेने नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, नळी मोकळी होते. दुसऱ्या वाटेने एंडोथेलिन तयार होतं, ते नळी आवळतं, आणि भिंतीतल्या पेशी वाढायलाही तीच वाट मदत करते. रेझिस्टन्समध्ये पहिली वाट मंदावते, दुसरी मात्र चांगली चालू राहते. आता रक्तात इन्सुलिन जितकं जास्त, तितकी ही दुसरी वाट जोरात. शिवाय वाढलेलं इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, त्याने बीपी चढतं. यकृत रक्तात जास्तीचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, ओतायला लागतं, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणवलं जाणारं एचडीएल घसरतं, आणि वाईट म्हणवल्या जाणाऱ्या एलडीएलचे कण बारीक, घट्ट होतात. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये ही सगळी मोळी एकत्र बांधून तिला ‘सिंड्रोम एक्स’ असं नाव दिलं. आज तिला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

व्हिडिओतली खरी गोष्ट एवढीच. स्वतःच्या शरीरात वर्षानुवर्षं वाढलेलं इन्सुलिन हे रक्तवाहिन्यांच्या आजाराच्या सोबत चालतं, यात वाद नाही. पण मूळ रोग तो बहिरेपणा आणि त्यामागची आतली चरबी. इन्सुलिन वाढतं ते त्या रोगाशी झगडताना.

इथे कुणीही म्हणेल, आबा तर ६१ किलोचे, सडपातळ माणूस, त्यांना कसली चरबी? मुलाने उंची १६३ सेंमी आणि कंबर ९४ सेंमी लिहिली आहे. म्हणजे बीएमआय साधारण २३, आणि कंबर मात्र आपल्याकडच्या पुरुषांच्या ९० च्या मर्यादेबाहेर. हातपाय काटक आणि सदऱ्याच्या आत टणक पोट, ही आपल्या मातीतली नेहमीची ठेवण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच ठेवणीवर आयुष्यभर काम केलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचे दोन फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय बरोब्बर २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. माझ्या विद्यार्थ्यांना तास-तासभर बोलून जे पटत नाही ते हा एक फोटो पटवतो. वजनकाट्यावर विसंबून ‘मी बारीक आहे, मला काय होतंय’ म्हणणाऱ्या माणसाच्या कंबरेभोवती मी आधी टेप गुंडाळतो.

आता आबांची गोष्ट पुढच्या टप्प्याची आहे, आणि व्हिडिओ बनवणाऱ्याने नेमका हाच फरक गिळून टाकला आहे. स्वादुपिंड कायम जास्तीचे गडी पाठवू शकत नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात दिसलं की डायबेटिसचं निदान होतं तेव्हाच इन्सुलिन बनवण्याची साधारण निम्मी ताकद गेलेली असते, आणि पुढे ती दरवर्षी उतरत जाते. अकरा वर्षं झालेली, गोळ्या भरपूर, तरी ९.८, खाणं कमी न करता पाच किलो वजन उतरलेलं, रात्री लघवी. हा माणूस इन्सुलिनला बहिरा आहेच, पण आता त्याच्याकडे इन्सुलिनही पुरेसं राहिलेलं नाही. पाटाला पाणी तुंबलंय आणि दारं धरायला माणूसच नाही, अशी अवस्था. वजन उतरतंय ते स्नायू झिजल्यामुळे. शरीर स्वतःलाच खातं आहे. इकडे तुंबलेली साखर अस्तरातल्या प्रथिनांना चिकटून ती कडक करते, नायट्रिक ऑक्साइड वापरात यायच्या आत नष्ट करते. अशा वेळी बाहेरून इन्सुलिन नाकारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका, तपासून पाहिलेली गोष्ट आहे. इन्सुलिनने हृदयाचं नुकसान होतं का, हा प्रश्न घेऊनच ‘ओरिजिन’ नावाचा अभ्यास झाला. हृदयाचा धोका असलेले आणि साखर वाढायला लागलेले १२,५३७ लोक, निम्म्यांना रोज ग्लार्जिन इन्सुलिन, निम्म्यांना नेहमीचे उपचार. सहा वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं. २०१२ मध्ये निकाल आला: हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू, या सगळ्यांत दोन्ही गट जवळजवळ सारखे. इन्सुलिनने हृदय वाचलंही नाही आणि बिघडलंही नाही. टाइप वनच्या रुग्णांचा पुरावा तर आणखी बोलका आहे, कारण ते जन्मभर इन्सुलिनवरच जगतात. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात अशा १,४४१ तरुणांवर डीसीसीटी हा अभ्यास झाला. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेऊन साखर नीट ठेवलेल्या गटात पुढे हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार ४२ टक्क्यांनी कमी दिसले. इन्सुलिन रक्तवाहिन्यांचं विष असतं, तर सगळ्यात वाईट हाल याच मुलांचे व्हायला हवे होते.

‘पण इन्सुलिन घेणाऱ्यांना हार्ट अटॅक जास्त येतो असं वाचलं,’ असं काही सुशिक्षित नातेवाईक मला सांगतात. येतो, खरं आहे. आयसीयूत भरती झालेल्यांत मृत्यूही जास्त होतात, म्हणून आयसीयू माणसं मारतं असं कुणी म्हणत नाही. इन्सुलिनपर्यंत पोचलेला माणूस दहा-पंधरा वर्षं डायबेटिस अंगावर काढून आलेला असतो, त्याचं मूत्रपिंड, बीपी, सगळंच पुढे गेलेलं असतं.

इन्सुलिनचे तोटे नाहीत असं मी म्हणणार नाही. वजन दोन-चार किलो वाढतं. आबांच्या बाबतीत ते आधी गेलेलं वजन परत येणं असेल, पण त्यापुढे वाढू द्यायचं नाही. काहींच्या पायाला सुरुवातीला सूज येते. आणि खरी जपण्याची गोष्ट म्हणजे साखर खाली जाणं. साखर एकदम उतरली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, ठोके वाढतात, आणि आधीच अरुंद झालेल्या हृदयाच्या वाहिन्यांवर ताण येतो, ठोक्यांची लय बिघडू शकते. अमेरिकेतल्या ‘अकॉर्ड’ अभ्यासात जुन्या डायबेटिसच्या, हृदयाचा धोका असलेल्या लोकांची एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला. यातून मी घेतलेला धडा असा: ९.८ वरून ७ च्या आसपास यायचं, पण चार-सहा महिन्यांत, पायरी पायरीने. घाम, थरथर, अचानक भूक, बोलण्यात गोंधळ जाणवला की लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. रानात जाताना खिशात साखरेची पुडी हवीच.

सुई कशी घेतात यावर निम्मं यश असतं आणि ओपीडीच्या गर्दीत हे सांगायला कुणाला वेळ नसतो. माझ्याकडे एक अण्णा यायचे. साखर कधी ३२०, कधी ५८, डोस वाढवून वाढवून थकलो. एके दिवशी त्यांना सदरा वर करायला लावला. बेंबीच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या, रबरासारख्या मऊ गाठी. सात वर्षं त्याच दोन जागी सुई टोचत होते, कारण ‘तिथं दुखत नाही’. तिथे दुखत नाही खरं, पण तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. जागा बदलायला लावल्या आणि त्याच दिवशी डोस कमी केला, कारण ताज्या जागेतून ते पूर्ण ताकदीने लागणार होतं. महिन्याभरात साखर ताळ्यावर आली. रोज दोन बोटं सरकून नवी जागा, हा नियम आबांना पहिल्या दिवसापासून लावा.

दुसरी गोष्ट सिरिंजची. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलीत ४० युनिटचं मिळतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. कुणी १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात २० ऐवजी ५० युनिट जातात. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे मेडिकलच्या काउंटरवरच बघून घ्या. घरी फ्रीज असेल तर कुपी खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. उन्हाळ्यात मळ्यातल्या घरी फ्रीज नसेल तर सावलीतल्या ओल्या मडक्यातही वापरातली कुपी नीट राहते. गाडीच्या डिकीत मात्र ती तासाभरात उकडते आणि वाया जाते.

आता रिपोर्टच्या बाकीच्या ओळी. बीपी १४८/९२, आणि मुलगा लिहितो की ‘बरं वाटलं की आबा गोळी बंद करतात’. एलडीएल १२८. ट्रायग्लिसराइड २३८, एचडीएल ३४. तंबाखू-चुना दिवसातून सात-आठ वेळा. ईसीजी नॉर्मल, ‘म्हणून हृदय ठीक आहे’. लघवीतला अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) तपासलेला नाही. मला भीती वाटते ती या ओळींची.

बीपी चढल्यावर काही दुखत नाही, म्हणून ते बरं वाटण्यावरून मोजता येत नाही. मी वर ज्याचा उल्लेख केला त्या यूकेपीडीएसमध्ये डायबेटिसच्या लोकांचं बीपी कडक सांभाळलं तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण ४४ टक्क्यांनी घटलं. नुसती साखर उतरवून इतका फरक पडला नव्हता. आबांचं बीपी १३०/८० च्या खाली हवं. मोजताना पाठ टेकून पाच मिनिटं बसवा, पाय जमिनीवर, दंड उघडा, आणि त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लिहून ठेवलेले आकडे डॉक्टरांना दाखवा; दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा त्यांना किंमत जास्त.

एलडीएल १२८ समोर लॅबवाला ‘नॉर्मलच्या जवळ’ असं छापतो, ते धडधाकट माणसासाठी. ११ वर्षांचा डायबेटिस, तंबाखू आणि बीपी असलेल्या माणसाचं एलडीएल ७० च्या खाली हवं. त्यासाठी स्टॅटिनची गोळी लागते आणि तीही लोक व्हिडिओ बघून बंद करतात: लिव्हर जातं, शुगर वाढते. शुगर किंचित वाढते, हे खरं आहे. पण एलडीएल साधारण ३९ ने खाली आणलं की हार्ट अटॅक-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना पाचातली एक टळते, हे लाखाच्या वर लोकांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली जी मेणचट गाठ साठते ती एलडीएलनेच बनते. इन्सुलिन रेझिस्टन्स अस्तर कमजोर करतो, बीपी त्यावर घाव घालतं, पण आत शिरून बसणारा माल एलडीएलचा असतो.

तंबाखूबद्दल गावात एक समज पक्का आहे की विडी-सिगारेट हृदयाला वाईट, तंबाखू मळून खाल्ली तर फार तर तोंडाला. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात, ज्याचे प्रमुख सलीम यूसुफ होते, चघळायच्या तंबाखूनेही हार्ट अटॅकचा धोका दुपटीच्या वर दिसला. निकोटिन गालातूनही रक्तात जातंच, आणि प्रत्येक बार भरल्यावर नळी आवळते. त्याच अभ्यासात आपल्या उपखंडातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी आला, इतरांना ५९ च्या आसपास. आबा ५६ चे आहेत. घरातल्या बायका मशेरी लावत असतील तर हे त्यांनाही लागू आहे, आणि मशेरीबद्दल त्यांना कुणी विचारतही नाही.

ईसीजी हा त्या क्षणाचा फोटो आहे. वाहिनी सत्तर टक्के बंद असूनही बसल्या जागी काढलेला ईसीजी साफ येऊ शकतो. त्यातून डायबेटिसमध्ये नसा बधिर झाल्यामुळे छातीत दुखतच नाही असे अटॅक येतात. अचानक दम लागणं, थंड घाम, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण, नेहमीचं काम करताना अचानक गळून जाणं. ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन रात्र काढलेली माणसं सकाळी माझ्याकडे आणली गेली आहेत, काहींना आणायला उशीर झाला होता. असं काही झालं तर सरळ ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या, पहाटेची वाट बघू नका. आणखी एक गोष्ट पुरुष कुणाजवळ बोलत नाहीत: संबंधाच्या वेळी ताठरता कमी होणं. तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक, म्हणून अस्तराचा बिघाड कित्येकदा तिथे आधी जाणवतो. आबा हे मुलाला सांगणार नाहीत. डॉक्टरांनी एकांतात विचारावं.

लघवीतला अल्ब्युमिन ही स्वस्त तपासणी आहे आणि ती राहून गेली आहे. सकाळच्या लघवीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्ब्युमिन आलं तर मूत्रपिंडाचं अस्तर गळायला लागलं आहे, आणि जिथे ते गळतं तिथे हृदयाचंही धड नसतं. डोळ्याचा पडदाही तपासून घ्या. अंगातल्या रक्तवाहिन्या चिरफाड न करता प्रत्यक्ष दिसतात अशी ती जागा आहे.

हे सगळं एकदम सांभाळलं तर काय होतं, याचा पुरावा कोपनहेगनचा आहे. ‘स्टेनो-२’ मध्ये टाइप टू डायबेटिसचे, लघवीत अल्ब्युमिन जाणारे फक्त १६० लोक होते. निम्म्यांची साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू, खाणं, चालणं हे सगळं आठेक वर्षं एकत्र हातात घेतलं. हृदयाच्या घटना निम्म्यावर आल्या. एकवीस वर्षांनी पाहिलं तर तो गट दुसऱ्या गटापेक्षा जवळजवळ आठ वर्षं जास्त जगत होता. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त बळ देणारा आकडा हाच आहे.

औषधांत आता एक चांगली भर पडली आहे. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे काढतात, आणि हृदय-मूत्रपिंडाला त्यांचा वेगळा फायदा होतो. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२५ मध्ये संपल्यावर ती बरीच स्वस्त झाली. आबांच्या तीन गोळ्यांत यातली एखादी आहे का, हे डॉक्टरांना विचारा. पण वजन उतरत असताना, इन्सुलिन सुरू न करता नुसती ही गोळी घेऊ नये. रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. मेटफॉर्मिन इन्सुलिनसोबत बहुधा चालूच ठेवतात. कोणती गोळी ठेवायची, कोणती काढायची, हे समोर बसलेल्या डॉक्टरांनी ठरवायचं.

खाण्याबद्दल थोडंच लिहितो. तुमच्याकडे गुऱ्हाळं आहेत आणि ‘गूळ नैसर्गिक, तो चालतो’ हे मी रोज ऐकतो. गूळ आणि काकवी ही उसाचीच साखर, रक्तात गेल्यावर तिला रंग उरत नाही. भाकरी बंद करायची गरज नाही. तीनच्या दोन करा आणि तिसरीच्या जागी वाटीभर जास्त मटकी-मुगाची उसळ, पालेभाजी, ताक. एकादशीची साबुदाण्याची खिचडी मात्र साखर थेट आभाळाला नेते, आणि इन्सुलिन घेऊन कडक उपवास केला तर ती पाताळातही जाते. उपवासाच्या दिवशीचा डोस आधी विचारून ठेवा.

‘शेतकऱ्याला व्यायाम कशाला’ हेही ऐकतो. पूर्वीच्या शेतकऱ्याला नको होता. आता नांगरट ट्रॅक्टरने होते आणि मोटर घरात बसून मोबाइलवरून चालू होते. जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त स्नायू खेचून घेतात, आणि चालणारा स्नायू इन्सुलिनशिवायही दार उघडतो. आपल्या आजी-आजोबांची शतपावली म्हणजे हेच. फक्त शंभर पावलांवर थांबू नका, दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चाला. आणि गेलेला स्नायू परत यायला उठाबशा, वजन उचलणं हवं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, इथून सुरुवात करा.

आबांना समजावताना आकडे सांगू नका. त्यांना दाऱ्याचं उदाहरण द्या, ते लगेच धरतील. पहिली सुई डॉक्टरांकडे नर्ससमोर त्यांना स्वतःच्या हाताने घेऊ द्या. सुई चार-सहा मिलिमीटरची, केसासारखी असते. बहुतेक जण टोचल्यावर ‘झालं का?’ असं विचारतात.

आणि मुलाला एक सांगायचं आहे. प्रश्न वडिलांसाठी विचारलात, पण ही ठेवण रक्तातून आणि घरच्या ताटातून पुढे येते. तुमची साखर आज नॉर्मल असेल. तरी शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप धरा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल आणि बीपी एकदा करून घ्या. कपाटात आबांचा डायबेटिस निघाला तेव्हाचा, म्हणजे ११ वर्षांपूर्वीचा, रिपोर्ट असेल तर शोधा. त्यात ट्रायग्लिसराइड वाढलेलं आणि एचडीएल उतरलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. तो कागद आणि तुमचा नवा कागद शेजारी शेजारी ठेवून या, मग आपण तुमच्याबद्दल बोलू.